टॉवेलाखालचा खांदा

माझ्या उजव्या खांद्याच्या सौद्यात एका माणसाने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा नाशिक जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. त्याने मला शब्दात फसवलं, आणि तेही टॉवेलाखाली दिलेल्या शब्दात. आमच्या धंद्यात याच्यापेक्षा हलकं काम नाही. पंचाईत अशी, की त्याने फसवलं आणि माझा खांदा सुटला. त्यामुळे ही तक्रार मी ज्याला सांगायला जातो तो हसतो. बायको तर पहिल्या वाक्यालाच उठून आत जाते. म्हणून लिहून काढतोय. कागद उठून जात नाही.

तो फिजिओथेरपिस्ट होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यानेही मला कधी नावाने हाक मारली नाही. त्याला माणसं नावाने लक्षात राहायचीच नाहीत, सांध्याने राहायची. मी 'उजवे' होतो. "या उजवे, बसा. डावी टाच झाली की तुम्हीच." डावी टाच म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेतली पोरं त्यांना चळाचळा कापत असतील, पण इथे त्या टाच होत्या आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. एकदा गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात मी मेहुण्याबरोबर भाजी घेत होतो, तर पलीकडच्या मेथीच्या ढिगामागून आवाज आला, "ओ उजवे! पिशवी डाव्या हातात कशाला? उजव्यात घ्या, उजव्यात!" अर्धा बाजार वळून बघायला लागला. मेहुण्याने विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "ओळखत नाही." तोवर तो जवळ येऊन पिशवी माझ्या उजव्या हातात अडकवून निघूनही गेला होता.

उंच, किडकिडीत, साठीकडे झुकलेला, एकटा राहणारा माणूस. घड्याळ शर्टाच्या बाहीवरून बांधायचा, कारण दर मिनिटाला बाही मागे सारणं त्याला परवडत नव्हतं. खिशात भाजलेले शेंगदाणे. समोर कोणीही असो, बोलताना त्याची नजर माणसाच्या तोंडावर नसायची, गळ्याच्या थोडी बाजूला, खांद्यावर. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या मागे कोणी उभं आहे. गणपतीत त्याच्याबरोबर मंडळं बघायला जाणं ही शिक्षा होती. सगळे हात जोडून उभे, आणि हा मान तिरकी करून म्हणतो, "आशीर्वादाचा हात बघा. कोपर पुढे आलंय, खांदा कानाकडे चढलाय. बाप्पांना व्यायाम सांगायला पाहिजे." मंडळाचे कार्यकर्ते काय समजतील म्हणून मी दोन पावलं लांब सरकून उभा राहायचो.

पण त्याच्याकडे मी गेलो कसा, ते आधी सांगायला हवं.

मी जुन्या ट्रॅक्टरचा व्यापारी. पेठ रोडला माझं पत्र्याचं शेड आहे. सुरुवात बैलांपासून केली. हरसूलच्या बाजारात दुसऱ्याचे बैल धरून उभा राहायचो, मग दलाली करायला लागलो, मग बैलांचे दिवस सरत आले तसा ट्रॅक्टरमध्ये शिरलो. बैल गेले, पण सौद्याची पद्धत मी तीच ठेवली. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या उजव्या हातांवर टॉवेल टाकायचा, आणि भाव बोटांनी करायचा. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पंजा धरला की पाच. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा. भोवती सगळं गाव उभं असलं तरी भाव दोघांनाच कळतो. त्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. टॉवेलाखाली ठरलेला आकडा मोडायचा नाही, आणि चेहरा हलू द्यायचा नाही. चेहरा हलला की समोरच्याला आपला तळ दिसला. माझा चेहरा इतक्या वर्षांत हलला नव्हता. लग्नात अंतरपाट सरला तेव्हासुद्धा हलला नव्हता, असं बायको अजून सांगते. ती तक्रार म्हणून सांगते.

दोन हजार साल उलटून पाच-सात वर्षं झाली असतील. आधी उजवा हात सदऱ्याच्या बाहीत जाईना. मग मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना. मित्र म्हणाले, हा आजार नाही, जुना स्वभाव आहे. मग रात्री कूस बदलली तरी जीव जायला लागला. शुगर होतीच. डॉक्टरांनी हात धरून दोन बाजूंना फिरवून पाहिला, तो फिरला नाही, आणि ते म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. शुगरवाल्यांना होतो." मी तेलं लावली. इतकं तेल खांद्यात जिरवलं, की तेवढ्यात एखादं इंजिन मोसमभर चाललं असतं. इंजेक्शन घेतलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा होतं तिथे. बायको मला लहान पोरासारखं बनियन घालून द्यायची आणि घालताना म्हणायची, "आता करा आरडाओरडा, हात तर वर करून दाखवा."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मग हात धंद्यात आडवा आला.

हरसूलकडचा एक शेतकरी ट्रॅक्टर विकायला आला होता. गरजू नव्हता, पण विकायचा होता. आम्ही बसलो, टॉवेल टाकला, त्याने माझी दोन बोटं धरली आणि सवयीने जरा आपल्याकडे ओढली. माझ्या खांद्यातून अशी कळ गेली, की तोंडातून "आई गं!" निघालं. तो बिचारा हात काढून उभाच राहिला. "शेठ, नको तर नको म्हना. वरडता कशाला? मी काय लय मागितलं नाय." मी काय सांगणार? आकडा चांगला होता, खांदा वाईट होता. सौदा गेला.

अशी गोष्ट बाजारात लपत नाही. मनमाडचा एक व्यापारी होता, माझ्याच वयाचा, माझ्याच शाळेत शिकलेला म्हणजे कुठल्याच नाही. त्याला कळलं. तो यायचा, बसायचा, तब्येतीची चौकशी करायचा, टॉवेल टाकायचा आणि गोडीत एक हिसका द्यायचा. माझा चेहरा हलला की म्हणायचा, "काय शेठ, जड जातंय का?" दर वेळी त्याला माझा तळ दिसायचा, जो तळ नव्हताच. डाव्या हाताने करावं तर डावा हात टॉवेलाखाली कोणी धरत नाही, अपमान समजतात. तोंडाने भाव करावा तर लोक म्हणतात, याला काहीतरी लपवायचंय. दोनतीन महिन्यांत माझ्या शेडपुढे उभे राहणारे ट्रॅक्टर कमी झाले. मी शून्यातून वर आलेला माणूस आहे असं मी सगळ्यांना सांगतो. तेव्हा कळलं, की मी त्या उजव्या हातातून वर आलो होतो आणि हात खाली आला की मीही.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, गंगापूर रोडला एका फिजिओकडे शॉकवेव्हचं मशीन आलंय. मला वाटलं, विजेचे झटके देणार. बायको म्हणाली, "द्या म्हणावं, डोक्यालाही थोडे द्या."

त्याचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या. दारातून आत गेल्या गेल्या भिंतीवर खुंट्या, एकेक वरच्या उंचीवर. नियम असा, की पिशवी, पर्स, स्वेटर जे असेल ते दुखऱ्या हाताने खुंटीला लावायचं, आणि दर आठवड्याला वरची खुंटी. दुसऱ्याचं सामान कोणी लावून द्यायचं नाही. मी खालच्या खुंटीला पिशवी लावताना घामाघूम झालो, तर तो शेंगदाणे खात शांतपणे बघत होता. म्हणाला, "खांदा मोडलेला नाही. रुसलाय. मोडलेला जोडता येतो, रुसलेल्याला वेळ द्यावा लागतो."

मशीन कोपऱ्यात होतं. त्यावर त्याच्या आईच्या जुन्या नऊवारीचं शिवलेलं आवरण. मशीनचं तोंड भिंतीकडे वळवलेलं. आकडे पेशंटला दिसू नयेत म्हणून. "आकडा बघितला की आकडाच दुखायला लागतो," तो म्हणायचा. मशीन जुनं होतं, मुंबईच्या एका हॉस्पिटलने काढून टाकलेलं. मी सवयीने विचारलं, "किती तास चाललंय?" त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "हा प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारला नव्हता," म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास मला मशीनच्या नळ्या, कॉम्प्रेसर, त्याच्या डोक्यातली झिजणारी गोळी असं सगळं उलगडून दाखवलं. वीज नव्हतीच. हवेच्या दाबाने एक छोटी गोळी नळीत पुढेमागे आपटते आणि तो धक्का कातडीतून आत जातो. "हवेची हातोडी समजा," तो म्हणाला. "फक्त कुठे मारायची ते तुम्ही सांगायचं."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतच वळलो. म्हणाला, "हा आजार कधीकधी आपोआप सुटतो. वर्ष, दोन वर्षं, कधी जास्त. मशीनने काहींना लवकर फरक पडतो, काहींना नाही पडत. व्यायाम मात्र कोणालाच चुकत नाही." असा माल विकतात? हा ट्रॅक्टर कदाचित चालेल, कदाचित शेतात उभा राहील, आणि नाही घेतला तरी नांगरट कधीतरी होईलच, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर आज बैल धरून उभा असतो. मला त्याची कीव आली. कीव आली म्हणून मी त्याच्याकडे उपचार घ्यायचे ठरवले. हा माणूस मला फसवू शकणार नाही, असं मला वाटलं. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरत नाही, असंही मी त्या काळात म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्याने खांद्यावर गार जेली चोपडली आणि मशीन चालू केलं. टक टक टक टक, पाथरवटाच्या टाकीसारखं. हळूहळू ते टोक पुढे सरकवत तो विचारायला लागला.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"छे."

"आता?"

"काही नाही."

खरं तर काखेच्या पुढच्या बाजूला एका जागेवर आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण समोरचा माणूस 'इथे दुखतं का' विचारतो आणि आपण 'हो' म्हणायचं? आयुष्यात कधी मी कोणाला माझी दुखरी जागा दाखवली नव्हती. चेहरा दगडासारखा ठेवला आणि पावसाची गोष्ट काढली. तो टोक तिथून पुढे घेऊन गेला, पाठीकडे, जिथे काहीच नव्हतं, आणि तिथे मन लावून हातोडी मारत बसला. दुसऱ्या बैठकीला तेच. तिसऱ्या बैठकीला तेच. खांदा जागचा हलला नाही. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "बोगस आहे सगळं."

चौथ्या वेळी तो मशीन बंद करून खाली वाकला आणि माझ्या पायाकडे बघत बसला.

"उजवे, तुमच्या पायाचा अंगठा काय म्हणतोय बघा."

मी बघितलं. चपलेत अंगठा मुडपून पार आत गेलेला.

"मी त्या जागेवर आलो की तो आत जातो. पुढे गेलो की बाहेर येतो. तोंडाने तुम्ही मला पाऊस सांगताय. तुमचा धंदा काय आहे?"

मी सांगितला. टॉवेल, बोटं, चेहरा, सगळं सांगितलं. त्या मनमाडवाल्याचा हिसकाही सांगितला. सांगता सांगता आवाज चढला माझा. तो उभ्याने ऐकत होता, शेंगदाणा हातात तसाच. मग एकदम वळला, कपाटातून टॉवेल काढला, माझ्या समोर स्टूल ओढून बसला आणि दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला.

"धरा. तोंडाने काही सांगू नका. जिथे लागेल तिथे बोटं दाबा. जेवढं लागेल तेवढी."

मी म्हटलं, "हा डावा हात आहे तुमचा."

"उजव्यात मशीन आहे."

"डावा चालत नाही."

"अहो, मी दवाखान्यात बसलोय, बाजारात नाही!"

"मग टॉवेल कशाला टाकलाय?"

त्याने विचार केला. मशीनचं टोक डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात टॉवेलाखाली दिला. तो डावखुरा नव्हता. पुढे दर बैठकीला माझ्यासाठी तो वाकडातिकडा होऊन डाव्या हाताने मशीन चालवायचा. ह्यासाठी मी त्याला मानतो. हेही लिहून ठेवतो, म्हणजे माझी तक्रार एकतर्फी आहे असं कोणी म्हणू नये.

त्या दिवशी ती जागा सापडली. टोक तिथे आल्याबरोबर मी त्याचा पंजा असा आवळला, की ओरडला तो. मी नाही. माझा चेहरा जसाच्या तसा. बायको बाजूला बसली होती, म्हणाली, "घरी कधी एवढं मनातलं सांगितलं नाहीत कोणाला."

त्यानंतर आमचा सौदा बसायला लागला. किती जोराने मारायचं, हा भाव. मशीनवर जोराचे आकडे होते. मी पंजा दाबायचो, म्हणजे पाच, म्हणजे फार लागतंय, कमी कर. तो एक बोट दाबायचा, म्हणजे थोडंच कमी करतो. मी पुन्हा पंजा. तो दोन, म्हणजे आणखी थोडं. शेवटी मशीनवरच्या दोनच्या आकड्यावर सौदा ठरायचा. मी पाचाने सुरुवात का करायचो, असं विचारणाऱ्याने आयुष्यात कधी काही विकत घेतलेलं नाही. पहिल्या बोलीत खरा आकडा कोण सांगतो? मी त्याला दर वेळी दोनवर आणायचो आणि जिन्याने खाली उतरताना मिशीवरून हात फिरवायचो. डावा. शिकलेला माणूस, परदेशी मशीन, पण भाव माझा. घरी सांगायचो, "त्याला बरोबर दाबतो मी." बायको म्हणायची, "दाबा हो, पण व्यायाम करा."

व्यायामही करत होतो. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, दारामागे उभं राहून टॉवेलने एक हात दुसऱ्याने ओढायचा. त्याने मला भररस्त्यात विचारलं होतं, "करता का?" आणि तो पुन्हा विचारेल या भीतीने मी करत होतो. हळूहळू वरची खुंटी आली, मग त्याच्यावरची. एक दिवस सदरा माझा मी घातला. मग मनमाडवाला आला. बसला, तब्येत विचारली, टॉवेल टाकला, आणि दिला हिसका. मला कळ आली नाही असं नाही, पण ती चेहऱ्यापर्यंत पोचली नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघत हसलो आणि तसाच एक उलटा दिला. "अयाया!" तो म्हणाला. त्याच्या खांद्यातही काहीतरी होतं, हे त्याच्या बायकोलाही माहीत नसेल. सौदा माझ्या आकड्यावर झाला. तो जाताना हळूच म्हणाला, "शेठ, कुठं दाखवला हात?" मी पत्ता दिला नाही.

सगळं असं मनासारखं चाललं होतं, आणि मग टाचेने घात केला.

त्या दिवशी मी जरा आधी पोचलो. मुख्याध्यापिकाबाई टाच वर करून बसल्या होत्या, त्यांची जागा नेहमीची, मशीनच्या पलीकडे भिंतीलगत. मी सहज म्हटलं, "बाई, तुमचं कितीवर चालतं?"

"माझं दोनवर."

"माझंही दोनवरच."

"तुमचं? अहो, तुमचं चारवर असतं."

"नाही हो. आमचं ठरतं दोनवर. टॉवेलाखाली."

"ते ठरतं," बाई म्हणाल्या, "पण मग ते चार करतात. मला इथून आकडा दिसतो ना. आधी दोन, मग अडीच, मग तीन. गेले कितीतरी दिवस चारच असतो. मला वाटलं, तुमच्या बाजारात तशीच पद्धत असेल."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी पडदा बाजूला करून आत गेलो. तो हात धूत होता.

"टॉवेलाखाली किती ठरायचं आपलं?"

"दोन."

"आणि तुम्ही किती लावायचे?"

"चार. हळूहळू नेलं. एकदम नाही."

मी नकार ऐकायची तयारी करून गेलो होतो. माणूस नाकारतो, मग आपण त्याला पकडतो, अशी भांडणाची रीत असते. हा सरळ हो म्हणाला. रागाला पाय टेकायला जागाच मिळेना.

"लाज नाही वाटली? शब्द दिला होतात!"

"तुम्ही सुरुवात कितीने करायचात?"

"पाचाने."

"आणि खरं लागायचं किती?"

"त्याचा इथे काय संबंध?"

तो माझ्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे बघत म्हणाला, "माझा तर त्याच्याशीच संबंध. तुमची बोटं पाच म्हणायची, खांदा दोन म्हणायचा. अंगठा सरळ असायचा तुमचा. थोडं वाढवलं तरी सरळ. मी खांद्याशी ठरवलं."

"सौदा माझ्याशी होता! खांदा काय धनी आहे का?"

बाई लंगडत पडद्यापर्यंत आल्या होत्या. "पण ठरल्यापेक्षा जास्त दिलं, तर ती फसवणूक कशी होईल?" त्यांनी पोरांना शंका विचारावी तसं विचारलं.

"होते, बाई! दोन म्हणजे दोन! एक कमी दिलं तरी लबाडी, एक जास्त दिलं तरी लबाडी! उद्या मी गिऱ्हाइकाला न विचारता मोठं इंजिन बसवून दिलं तर?"

"तर तो तुमचे पाय धरेल," बाई म्हणाल्या.

"बरं," तो हात पुसत म्हणाला. "सौदा मोडला, असं तुमचं म्हणणं. मोडला तर तुमच्याकडे काय करतात?"

"माल परत!"

"ठीक आहे. आणा खांदा. होता तसा करून देतो."

तिकडे बाई हसल्या. बाहेर बसलेला कोणाचा तरी मणकाही हसला. आणि माझं डोकं फिरलं. मी त्याच्या अंगावर मूठ उगारली. चांगली डोक्याच्या वर, कानाला दंड लागेल इतकी.

तो मागे सरला नाही. त्याचे डोळे मोठे झाले. "थांबा!" तो ओरडला. "तसाच ठेवा! हलायचं नाही!" आणि धावत जाऊन कोन मोजायची ती दोन पात्यांची पट्टी घेऊन आला. एक पातं माझ्या बरगडीला लावलं, एक दंडाला. "कोपर वाकवू नका. राग राहू द्या. हां. बाई, बघा! बघा जरा इकडे! एकशे सत्तरच्या वर!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझी मूठ हवेत, आणि तिचं काय करावं ते मला कळेना. मारावी तर समोरचा माणूस मापात गुंतलेला, खाली घ्यावी तर तो ओरडतोय. मी तसाच उभा राहिलो, झेंडा धरल्यासारखा.

"मशीनचा गुण का हो हा?" बाईंनी विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "मशीनचा असेल, व्यायामाचा असेल, नाहीतर खांद्याची रुसायची मुदत संपली असेल. मला नाही सांगता यायचं."

हे ऐकून तर मी पिशवी घेतली आणि निघालो. म्हणजे शब्द मोडून ज्या चारवर मारलं, त्या चारचा उपयोग झाला की नाही, हेही याला माहीत नाही! पिशवी सगळ्यात वरच्या खुंटीवर होती. मी ती झटक्यात ओढून काढली, आणि मागून त्याचा आवाज आला, "वा!"

आमच्यात मोडलेल्या सौद्याचं भांडण मिटवायची पद्धत आहे. पुढच्या बाजाराच्या आत मिटवायचं असतं. ज्याने मोडला त्याने निरोप धाडायचा. तिसरा माणूस मध्ये बसतो, चहाच्या टपरीवर दोघं तोंड मोकळं करतात, घालायच्या तेवढ्या शिव्या घालतात, त्या संपल्या की चहा येतो, आणि चहा प्यायल्यावर तो विषय कोणी काढत नाही. हे सगळं मी त्याला टॉवेलाखाली हात असताना कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. मध्ये बसायला बाई होत्या. मी वाट बघितली. बाजार गेला, पुढचा गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. निरोप आला नाही. मी तरी का जाऊ? मोडला त्याने. बायको म्हणायची, "जा ना, तोंड आंबट करून बसलाय नुसते." मी म्हणायचो, "पद्धत म्हणजे पद्धत."

हात उत्तम चालत होता. शेडपुढे पुन्हा ट्रॅक्टर लागायला लागले. हरसूलचा तो शेतकरीही एकदा आला. त्याने माझी बोटं इतकी जपून धरली, जणू काचेची आहेत. मीच जोराने दाबली त्याची. "बरं झालं का शेठ?" म्हणाला. "लय भ्यालो व्हतो मी तवा."

असं दीड-दोन वर्षं चाललं असेल. मग बायकोचा डावा गुडघा धरला. देवाने मला कारण दिलं. मी तिला म्हटलं, "चल, तुझ्यासाठी जातोय, माझा त्याच्याशी काही संबंध नाही." जिन्यात मनाशी सगळं जुळवलं, पहिलं वाक्य काय बोलायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं. वर गेलो तर दारात मोबाइलची जाहिरात. आत काचेच्या कपाटात फोन मांडलेले. भिंतीवरच्या खुंट्या काढून टाकलेल्या, तिथली भोकं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेली, पण वरचा रंग जरा वेगळा, त्यामुळे कळत होतं.

"इथला फिजिओ?" मी विचारलं.

"ते गेले ना, वर्ष झालं," काउंटरवरचा म्हणाला. "रिचार्ज करायचाय का काका?"

टाच कॉलेज रोडला राहते हे ठाऊक होतं. बायकोला रिक्षात घालून तिथे गेलो. बाईंनी चहा केला आणि सगळं सांगितलं. त्याची मुलगी बडोद्याला दिलेली, तिचा नवरा येऊन त्याला घेऊन गेला. म्हणे, या वयात एकटं काय राहायचं, इकडे या, मशीनही आणा. आणि हा गेला. नऊवारीच्या आवरणासकट मशीन टेम्पोत चढवलं. निघताना बाईंना भेटायला आला होता.

"माझं काही म्हणाला?" मी विचारलं. नको विचारायला, पण विचारलं.

"हो. म्हणाले, उजवे व्यायाम करतात का बघा."

"तोंडाने म्हणाला?"

"मग कशाने म्हणतील?" बाई म्हणाल्या.

बायको माझ्याकडे बघत होती. माझा चेहरा हलला असावा, कारण तिने पुढे काही विचारलं नाही आणि घरी येईपर्यंत गुडघ्याबद्दलही बोलली नाही.

माझा विकलेला ट्रॅक्टर दहा वर्षांनी बंद पडला तरी माणूस माझ्या दारात येतो. मी दारात असतो. शिव्या ऐकतो, चार घालतो, चहा पाजतो, आणि जमलं तर गिअर सोडवून देतो. धंदा केला म्हणजे भांडायला हजर राहावं लागतं. या माणसाने टॉवेलाखालचा शब्द मोडला, माल परत घ्यायची थट्टा केली, आणि माझं भांडण अर्ध्यात असताना उठून परराज्यात गेला. त्याला मी एकट्याला दोष देत नाही. तो खांदे बघत चालणारा माणूस, कोणीही हाताला धरून नेईल तिकडे जाणार. नेलं त्याला जावयाने. माझं न मिटलेलं भांडण, मध्यस्थ ठरलेल्या बाई, माझ्या बायकोचा गुडघा, हे काही न विचारता नेलं. तेव्हा आता जाब त्या जावयाने द्यायचा. बडोद्यात काय धडधाकट खांदे कमी पडले होते, म्हणून आमचा माणूस उचलून नेलात? ते येऊन सांगा. पेठ रोडला शेड कोणीही दाखवेल.